यंत्रमानवाचे हात

भवानी पेठ, सोलापूर
१८ नोव्हेंबर १९७४

चिंतामणी,

अक्काचा आशीर्वाद घे आणि मावशीला माझा नमस्कार सांग.

दिवाळीला आला नाहीस, दोन ओळीही टाकल्या नाहीस. मुंबईला गेलेल्या माणसाला सोलापूर आठवतं ते फक्त चादर हवी असली की. असो, भांडायला नंतर वेळ काढीन. आज तुझ्याकडे काम आहे.

बाळूची खबर लागली. श्रावणातच त्याचं कार्ड आलं होतं. तुला कळवलं नाही, कारण माझा राग गेला नव्हता. होळीच्या आधी त्याची गिरणीतली नोकरी गेली, ते तुला माहीत आहे. कामगारांच्या नाटकाच्या तालमीसाठी यानं पाळी बुडवायची आणि मी जाबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, विनवण्या करून याला परत कामावर घ्यायला लावायचं, असं तीनदा झालं. चौथ्यांदा जाबर ऐकेना. त्या दिवशी मी बाळूला म्हणाले, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. त्यानं पिशवी उचलली आणि गेला. मीच त्याला हाकललं असं आईला वाटतं, आणि ते खरंच आहे.

कार्डात एवढंच आहे: "अक्का, मी मुंबईत आहे. टीव्हीसाठी एक मालिका चालली आहे, 'तांबड्या ग्रहावर'. त्यात मी यंत्रमानव आहे. पत्र्याचा पोशाख असतो, तोंड दिसत नाही. दिवाळीनंतर शनिवारी दाखवणार आहेत. सोलापुरात टीव्ही नाही हे ठाऊक आहे, तरी सांगून ठेवतो." खाली पत्ता नाही. आणि ते 'तोंड दिसत नाही' त्यानं मुद्दाम लिहिलंय. मी सांगितलं तसंच केलं त्यानं.

तुझ्या शेजारी टीव्ही आहे. प्रत्येक भाग बघ आणि मला लिही. तो काय करतो, कसा चालतो, वाळलाय का, सगळं. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दसऱ्यानंतर झालं, अजून डोळ्यावर हिरवी पट्टी आहे. ती म्हणते, "माजं पोरगं त्या पेटीत हाय न्हवं? मग चिंतूला म्हनावं, त्येला घिऊन यी की." मला बाळू घरी यायला हवा आहे. बाकी काही नको.

तुझी अक्का

•

मुलुंड
२५ नोव्हेंबर १९७४

अक्का,

नमस्कार. तुझी बोलणी पोचली, पोट भरलं.

परवा शनिवारी पहिला भाग बघितला. शेजारच्या मानसिंगरावांकडे अकरा माणसं खोलीत आणि चार खिडकीत. दर पंधरा दिवसांनी एक भाग लागणार आहे. मालिका टीव्ही केंद्रानं बाहेरच्या कुठल्याशा मंडळींकडून करून घेतली आहे, आणि अक्का, काय सांगू! मी इतक्या विज्ञानकथा वाचल्या, पण एवढ्या चुका एका ठिकाणी पाहिल्या नाहीत. मी वहीच घातली आहे. ग्रहावर हवा नाही म्हणून सगळ्यांच्या डोक्यावर काचेची भांडी, आणि कप्तान खुशाल विडी ओढतो. यान उतरताना तीन माणसं असतात, दार उघडल्यावर चार. चौथा कुठून आला, कोणी विचारत नाही. आणि तिथल्या राजाच्या सिंहासनावर चक्क आपली सोलापुरी चादर, मोराची! मी ओरडलोच.

आता यंत्रमानव. डब्यात घातल्यासारखा चालतो. वाळलाय का ते पत्र्यावरून कळत नाही. पण त्याच्या हातांतही चूक आहे. कप्तान लांबलचक भाषण करत असतो तेव्हा हा मागे उभा राहून कपाळाला एक बोट लावतो आणि मग पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेतो. यंत्रमानवाला भूक कशाला लागेल? दृश्य बदललं की हात एकदम खाली. वहीत चूक नंबर नऊ.

बाळू बरा दिसला, काळजी करू नकोस. केंद्रावर चौकशी करतो.

चिंतामणी

•

भवानी पेठ
३० नोव्हेंबर १९७४

अरे वेड्या चिंतामणी,

ती चूक नाही. तू आमच्या घरी कधी दोन दिवसांच्या वर राहिला असतास तर तुला कळलं असतं.

साळखात्यात कापड विणायचे दोनशे साचे एकदम चालतात, शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. तिथं सगळं हातांनी बोलतात. आमचे अण्णा तीस वर्षं त्या आवाजात राहून बहिरे झाले, मग घरातही हातांनीच बोलणं सुरू झालं. आई रागावायचीसुद्धा हातांनी. प्रत्येक माणसाची खूण वेगळी. मी सात वर्षांची असताना अण्णांचा डबा घेऊन गेले होते, तेव्हा एका साच्यावरून धोटा उडून माझ्या कपाळाला लागला. ती खोक अजून आहे. तेव्हापासून साळखात्यात कपाळाला बोट म्हणजे मी.

बाळूनं विचारलं, अक्का, जेवलीस का?

मी वाइंडिंग खात्यात कांड्या भरताना दिवसभर हसत होते. बाजूची चन्नम्मा म्हणाली, "काय गं, लगीन ठरलं का काय?" आईनं पत्र तीनदा वाचायला लावलं. शेवटी म्हणाली, "जेवली म्हनावं. तू जेवलास का त्ये सांग."

पुढच्या वेळी वहीत हातांचंच लिही. कप्तान विडी ओढो नाहीतर चिलीम. आणि ती चादर आपल्या गिरणीची नाही, आपल्या मोराची मान सरळ असते.

अक्का

•

मुलुंड
२३ डिसेंबर १९७४

अक्का,

उशीर झाला, ऑफिसात वर्षअखेरीची धांदल. दुसरा भाग सातला झाला. त्यात यंत्रमानव दोनच मिनिटं होता, हात काही बोलले नाहीत. तिसरा परवा झाला, त्यात मात्र भरपूर माल आहे.

ग्रहाच्या पोटात गुहा सापडते, आत वादळ. वादळात पत्र्याच्या टेकड्या हलतात पण कप्तानाचा भांग मोडत नाही. अशा सात चुका झाल्या. आता हात. सगळे बोलत असताना यंत्रमानव उजव्या हाताची मूठ डाव्या मनगटावर आपटतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मग कप्तानाचा चेहरा दाखवतात. परत यंत्रमानव दिसतो तेव्हा त्याचे दोन्ही तळवे डोक्यावर, टोपी घातल्यासारखे. पुन्हा मूठ मनगटावर. शेवटी कपाळाला बोट, म्हणजे तू. आणि ते बोट तो काढतच नाही. मधेच दृश्य तुटतं आणि सगळे यानात बसलेले दिसतात. गुहेतून बाहेर कसे आले, देव जाणे. मानसिंगरावांकडे सगळे पोट धरून हसत होते. मुलं अजून अंगणात तसंच करत फिरतात.

आता सांग, काय म्हणाला आमचा बाळू? सगळ्यांना कळायला हवंय.

चिंतामणी

•

भवानी पेठ
२७ डिसेंबर १९७४

चिंतामणी,

हे पत्र मिळाल्याबरोबर निघ. रजा मिळाली नाही तर न मिळता निघ.

मनगटावर मूठ म्हणजे साचा थांबवा. डोक्यावर हात म्हणजे जाबरला बोलवा. माणसाचा हात पट्ट्यात सापडला, कोणी भोवळ येऊन पडलं, की हे करतात. गंमत म्हणून ही खूण कोणी करत नाही. केली तर अण्णा थोबाडीत मारायचे. बाळूला आत काहीतरी होत होतं आणि तिथं एकालाही कळलं नाही.

पुढचा भाग चार तारखेच्या शनिवारी आहे. ते दाखवतात त्या वेळी तू त्या केंद्राच्या दारात उभा राहा. आत जाऊ देत नसतील तर ओरड. तो पोशाख उघडायला लाव आणि त्याला बाहेर काढ. मग त्याला सांग, अक्कानं तोंड दाखवायला बोलावलंय.

आईला काही सांगितलेलं नाही.

अक्का

•

मुलुंड
६ जानेवारी १९७५

अक्का,

तू नाटकासारखं समजलीस, त्याच वेळी तिथं उभं राहून करतात असं. तसं नसतं. ही फिल्म आहे, आधी केव्हातरी घेऊन ठेवलेली. शनिवारी केंद्रावर फक्त चाक फिरवतात. तरीही मी आदल्या दिवशीच केंद्रावर गेलो. तिथून त्या मंडळींचा पत्ता मिळवला, कुर्ल्याला एका गोदामात त्यांचं काम चालायचं. गोदामाला कुलूप होतं. त्यांच्या ऑफिसातला माणूस म्हणाला, यंत्रमानवाचं काम करणारा आजारी पडला आणि सोडून गेला, दुसरा घेतला. कुठं गेला ते माहीत नाही.

ते खरं असावं. चौथ्या भागातला यंत्रमानव बाळूपेक्षा वीतभर जास्त उंच आहे आणि त्याचे हात नुसते लोंबतात. माझ्या वहीत ही सर्वांत मोठी चूक. पण आजारी माणूस बरा होतो, अक्का. मी शोधतो आहे.

चिंतामणी

•

(पोस्टकार्ड)
१९ जानेवारी १९७५

अक्का, काल पाचवा भाग झाला. बाळू परत आलाय! तीच उंची, तीच चाल, आणि दोनदा विचारलं, अक्का, जेवलीस का. म्हणजे बरा होऊन पुन्हा कामावर लागला. कुर्ल्याला जाऊन गाठतोच. तिळगूळ मिळाला. चिंतामणी.

•

भवानी पेठ
२४ जानेवारी १९७५

चिंतामणी,

तुझं कार्ड मी मारुतीच्या देवळापाशी उभी राहून वाचलं आणि तशीच घरी पळत आले. 

आईला आता सगळं सांगितलं, आजारी होता तेही आणि बरा झाला तेही. तिनं आधी माझ्या पाठीत धपाटा घातला, मग अर्ध्या पेठेला बातमी दिली. डोळ्यावरची पट्टी निघालीय, तर स्वतः जाऊन त्याच्यासाठी सदऱ्याचं कापड आणलं. मी जाबरकडे गेले होते. चौथ्यांदा तो नाही म्हणाला होता, पाचव्यांदा म्हणाला, "आन त्येला. बघू." मी त्याच्या नोकरीचं बोलून ठेवलं आहे असं बाळूला सांग. नाटक कर म्हणावं, खुशाल कर.

त्याला घेऊन कधी येतोस ते लगेच लिही.

अक्का

•

मुलुंड
२ मार्च १९७५

अक्का,

तुझी चार पत्रं आली, उत्तर दिलं नाही, माफ कर. बाळू भेटला. भायखळ्याला एका हॉटेलात आम्ही चहा घेतला. तब्येत चांगली आहे, केस वाढवलेत. त्याला मद्रासकडे सिनेमात काम मिळालं आहे, दोन-तीन वर्षांचं. त्याच रात्रीच्या गाडीनं गेला. वेळ नव्हता म्हणून पत्र लिहिलं नाही. तुझ्यावर राग नाही म्हणाला. आईचे डोळे आता कसे आहेत, पट्टी निघाली का, असं विचारत होता. तिकडे स्थिर झाला की लिहील. उशीर झाला तर काळजी करू नका.

चिंतामणी

•

भवानी पेठ
७ मार्च १९७५

चिंतामणी,

दुसऱ्याच्या चुका काढून तू वही भरलीस, आणि तुला स्वतःला चार ओळी जुळवता येत नाहीत.

आईचं ऑपरेशन दसऱ्यानंतर झालं. बाळू होळीच्या आधी गेला, तेव्हा तिला सुईत दोरा ओवता येत होता. आम्हाला त्याचा पत्ता माहीत नाही, मग पट्टीचं त्याला कोणी कळवलं? तू सांगितलं असतंस तर तसं लिहिलं असतंस. बरं, नोकरीचं मी कळवलं होतं, त्यावर तो काय म्हणाला, एक शब्द नाही. आईच्या सदऱ्यावर शब्द नाही. जेवणारं तोंड आणि विचारणारे हात असलेला माझा भाऊ तुझ्यासमोर बसला, आणि त्यानं अक्का जेवली का एवढंही विचारलं नाही?

तू त्याला भेटलेला नाहीस. आता खरं लिही. मी आईपासून लांब, गिरणीच्या फाटकाशी उभी राहून पत्र उघडीन.

अक्का

•

मुलुंड
१४ मार्च १९७५

अक्का,

लिहितो.

फेब्रुवारीत मला निंगप्पा नावाचा माणूस सापडला. त्या गोदामात दिवे लावायचं काम करायचा, मूळचा मैंदर्गीचा. त्यानं सांगितलं ते असं.

पत्र्याच्या पोशाखाची पाठ आठ स्क्रूंनी बंद करत. वर मोठे दिवे, बाहेर पाऊस म्हणून दारं लावलेली. गुहेतल्या वादळासाठी विमानाचा असतो तसा पंखा आणि जनरेटर. बोलणं नंतर भरायचं होतं, म्हणून आवाजाची कोणाला फिकीर नव्हती. बाळू आतून ओरडला असेल तर ऐकू जाणं शक्यच नव्हतं. मग त्यानं हात सुरू केले. निंगप्पा म्हणाला, "मी समोरच हुतो की ओ. मला वाटलं, काय तरी नवीन करून दावतोय. मालक बी खूश. म्हनले, घ्या, घ्या, लई झ्याक करतोय." मग बाळू उभाच्या उभा पडला. स्क्रू काढणारा चहाला गेला होता. तो येईपर्यंत पंधरा मिनिटं गेली.

ती अठ्ठावीस ऑगस्ट होती. तीस तारखेला दवाखान्यातच तो गेला. घरचा पत्ता कोणाकडेच नव्हता. निंगप्पा आणि आणखी दोघं स्मशानात होते.

पहिला भाग लागला तेव्हा त्याला जाऊन तीन महिने होत आले होते. पाचव्या भागात तो बरा दिसला, कारण यानातली सगळी दृश्यं त्यांनी आधी घेतली होती आणि गुहेतली नंतर. मागचं पुढे जोडलं आहे. मी तेवढा शहाणा, मला हे सुचलं नाही. मीच तुला कार्ड टाकलं.

आणि अक्का, तिसऱ्या भागाला आम्ही पंधरा माणसं हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो होतो. मी ती वही फाडून टाकली.

आणखी एक, तू दुसरीकडून ऐकू नयेस म्हणून लिहितो. लोकांना मालिका आवडली. मे महिन्यात पहिल्यापासून पुन्हा दाखवणार आहेत, दर शनिवारी.

चिंतामणी

•

भवानी पेठ
२० एप्रिल १९७५

चिंतामणी,

माफी मागू नकोस. ती कोणी मागायची ते मला ठाऊक आहे.

आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जानेवारीत म्हनलीस बरा झाला. आता म्हन्तीस ऑगस्टातच गेला. आदी गेला आन मग बरा झाला, आसं कुटं आसतंय व्हय?" मी फिल्मचं समजावून सांगितलं, मागचं पुढे जोडतात ते सांगितलं. ती उठली आणि सदरा शिवायला टाकून आली. आता शिंपी तयार सदऱ्यासाठी निरोप पाठवतो आणि आई सांगते, पोरगं आलं की माप बघून घिऊ. मी तिला परत समजावणार नाही. माझ्या अंगात ते उरलेलं नाही.

मी रोज पाळीला जाते. कांड्या भरते. जाबर परवा विचारत होता, कधी येतोय? मी म्हटलं, नाही येत.

एक काम कर. साळखात्याचा एक नियम आहे. थांबवा म्हणून खूण केली की समोरच्यानं उत्तर द्यायचं असतं. हात वर करायचा, पंजा उघडा धरायचा आणि सावकाश मिटायचा. म्हणजे, पाहिलं, थांबवतो. उत्तर मिळेपर्यंत माणूस खूण सोडत नाही. त्याला तिथं कोणीच उत्तर दिलं नाही. मे महिन्यात तो तिसरा भाग लागेल तेव्हा तू समोर बस आणि उत्तर दे. फिल्म आहे, त्याला दिसणार नाही, हे मला कळतं. तरी दे.

अक्का

•

मुलुंड
१८ मे १९७५

अक्का,

काल तिसरा भाग झाला. मानसिंगरावांना आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. त्यांनी मुलांना बाहेर काढलं, मोठी माणसं गप्प बसली. मी टीव्हीच्या पुढ्यात बसलो.

त्यानं मनगटावर मूठ आपटली. मी हात वर केला, पंजा उघडा धरला, सावकाश मिटला. त्यानं परत आपटली. मी परत उत्तर दिलं. मग मी काचेला हात लागेल इतका पुढे सरकलो. असं चार वेळा केलं. त्यानं थांबवलं नाही.

मग त्यानं कपाळाला बोट लावलं. त्या खुणेला काय उत्तर द्यायचं असतं ते तू लिहिलं नव्हतंस. मी हात खाली घेतला आणि तसाच बसून राहिलो.

चिंतामणी